चार कोपरे, एक दांडी : जॉयस्टिक आणि एन्व्हलपनं सिंथचा आवाज चालवायची पद्धत

लातूर-नांदेडकडच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाल्याचा उजवा हात चाल धरतो आणि डावा बराच वेळ पिच बेंडच्या चाकावर नुसता पडून असतो. त्या हाताला दोन अक्षांची जॉयस्टिक दिली, तर एकाच पट्टीवरून पेटी, तुणतुणं, झांज आणि खर्ज या चार रंगांच्या मधला कुठलाही आवाज वाजता वाजता काढता येतो. अडचण अशी, की बहुतेक जण आडव्या अक्षाला फिल्टर (आवाजातला काही भाग कापणारा) आणि उभ्या अक्षाला रेझोनन्स (फिल्टर कापतो तिथला आवाज उठवणारा) जोडतात, थोडे दिवस खेळतात आणि दांडी कपाटात जाते. हातानं केलेला बदल सेकंद-अर्ध्या सेकंदाचा असतो. ठोका पडतानाचे पहिले ५० मिलिसेकंद हाताच्या आवाक्याबाहेरच असतात, आणि कान आवाज ओळखतो तो तिथंच. तो भाग एन्व्हलपकडे, म्हणजे प्रत्येक सुराला आपोआप चढून उतरणाऱ्या व्होल्टेजकडे, द्यायचा. मुक्काम कुठं ते दांडी ठरवेल आणि तिथं कुठून, किती वेळात यायचं ते एन्व्हलप ठरवेल. दोघांना एकाच नॉबवर सोडून त्यांची नुसती बेरीज केली, की पॅच, म्हणजे केलेली सगळी जोडणी, बिघडलाच.

कल्पना जुनी आहे. लंडनच्या ईएमएस कंपनीच्या १९६९ मधल्या व्हीसीएस-३ या सिंथवर दोन अक्षांची जॉयस्टिक होती. चार ऑसिलेटरचं (सूर निर्माण करणाऱ्या भागांचं) मिश्रण जॉयस्टिकनं करायचं आणि त्या मिश्रणाला स्वतःचा एन्व्हलप द्यायचा, ही गोष्ट १९८६ च्या सिक्वेन्शियल प्रॉफेट व्हीएसनं रुळवली. पुढं १९९० मध्ये यामाहा एसवाय-२२ आणि कॉर्ग वेव्हस्टेशन याच वाटेनं आले. या प्रकाराला व्हेक्टर सिंथेसिस म्हणतात. जुनं यंत्र शोधत बसायची गरज नाही. व्हीसीव्ही रॅक २ या, संगणकावर सिंथची मॉड्यूल्स जोडायच्या प्रोग्रॅमची मोफत आवृत्ती, साधा लॅपटॉप आणि एक यूएसबी गेमपॅड एवढ्यावर खालचा पॅच पूर्ण उभा राहतो.

दांडी कोणती

सुरुवात यूएसबी गेमपॅडनं करा. दोन दांड्या मिळतात, सोल्डरिंग नाही, आणि रॅक तो थेट ओळखतो. ‘मिडी सीसी’ मॉड्यूल ठेवा (मिडी ही वाद्यं आणि संगणक यांच्यातली संदेशांची भाषा, सीसी हा त्यातला नॉब-दांडीचा आकडा), ड्रायव्हरच्या जागी ‘गेमपॅड’ निवडा, मग एकेका चौकोनावर क्लिक करून दांडी हलवा म्हणजे तो अक्ष त्या आउटपुटला बसतो. स्वस्त गेमपॅडवर ‘अ‍ॅनालॉग’ किंवा ‘मोड’ असं एक बटण असतं. ते बंद असेल तर दांडी मधले आकडे देतच नाही, फक्त टोकं देते. आवाज एका कोपऱ्यातून दुसऱ्यात उडी मारत असेल, तर आधी ते बटण दाबून लाल दिवा लागतो का बघा.

इथं एक बारकावा आहे, पुढची निम्मी गडबड त्यातूनच होते. गेमपॅडचा अक्ष रॅकमध्ये −१० ते +१० व्होल्ट देतो, दांडी सोडली की ०. नेहमीचा मिडी सीसी मात्र ० ते १० व्होल्ट देतो, मध्यावर ५. पुढचे सगळे आकडे गेमपॅडचे आहेत. मिडीवाली दांडी असेल, तर आधी ‘रीस्केल’ मॉड्यूलमधून गेन (गुणाकार) २०० टक्के आणि ऑफसेट (बेरीज) −१० व्होल्ट देऊन ती याच मापात आणा.

दुसरा मार्ग म्हणजे स्वतः बनवणं. केवाय-०२३ नावाचं अंगठ्याचं जॉयस्टिक मॉड्यूल अभियांत्रिकीच्या पोरांना प्रोजेक्टचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं, नाहीतर ऑनलाइन मागवता येतं. त्यात १० किलोओहमचे दोन पोटेन्शिओमीटर आणि दाबायचं एक बटण असतं. बोर्ड घेताना एटीमेगा ३२यू४ चिपचा प्रो मायक्रो किंवा लिओनार्डो घ्या. युनो आर-३ घेऊ नका, कारण त्याची मुख्य चिप यूएसबीवर स्वतःहून मिडी यंत्र म्हणून दिसू शकत नाही आणि मग मध्ये आणखी एक प्रोग्रॅम चालवत बसावं लागतं. जोडणी पाच तारांची : ग्राउंड, व्होल्टेज, दोन अक्ष ए-० आणि ए-१ ला, बटण २ नंबरच्या पिनला. मॉड्यूलवर ‘+५ व्होल्ट’ छापलेलं असलं, तरी बोर्ड ३.३ व्होल्टचा असेल तर त्याच्या व्हीसीसी पिनवरूनच वीज द्या. पोटेन्शिओमीटर आणि बोर्डाचं मोजमाप दोन्ही एकाच व्होल्टेजवर चालले, की वीज थोडी वरखाली झाली तरी आकडा हलत नाही.

प्रोग्रॅममध्ये काय हवं ते शब्दांत सांगतो. बोर्ड ० ते १०२३ मोजतो, मिडी सीसी ० ते १२७ घेतो, म्हणजे मिडीची एक पायरी मोजमापाच्या ८ आकड्यांची. दांडी स्थिर असतानाही मोजमाप दोन-तीन आकडे थरथरतं, आणि ते नेमकं पायरीच्या कडेवर असलं तर मिडीवर सतत ६३-६४-६३-६४ असा पाऊस पडतो. म्हणून मागच्या पाठवलेल्या मोजमापापेक्षा फरक ६ च्या वर गेला तरच नवा आकडा पाठवायचा. दोन्ही टोकांना मात्र ही अट शिथिल ठेवा, नाहीतर ० आणि १२७ पर्यंत आकडा पोचत नाही. दांडीचा मध्य ५१२ वर कधीच नसतो. ४९० ते ५३५ मध्ये कुठंही असू शकतो, आणि दोन अक्षांचा वेगवेगळा. चालू करताना मध्य वाचून ठेवा, आणि मध्यापासून डावीकडचं माप वेगळं, उजवीकडचं वेगळं ताणा. मध्याभोवती २५ आकड्यांचा मृत पट्टा (जिथं दांडी हलली तरी आकडा बदलत नाही) ठेवला, तर पट्ट्याच्या कडेपासून मोजणी शून्यानं सुरू करा. हे राहिलं, तर पट्टा ओलांडताना आवाज टचकन उडी मारतो.

सीसी क्रमांक १६ आणि १७ वापरा, ते सर्वसाधारण कामासाठी राखलेले आहेत. त्यांना ४८ आणि ४९ ही सूक्ष्म जोडी आहे, म्हणजे पुढं १४ बिटचं नियंत्रण हवं झालं तर क्रमांक बदलावे लागत नाहीत. पाच पिनच्या जुन्या मिडी केबलवरून पाठवत असाल, तर एका संदेशाला जवळपास १ मिलिसेकंद जातो. दोन अक्ष प्रत्येक फेरीत पाठवत राहिलात तर नोटा उशिरा पोचतात. दर ५ मिलिसेकंदाला एकदा पुरे.

दांडीतली स्प्रिंग ही खरी कटकट. चाल वाजवायला हात उचलला की आवाज मध्यावर परत. केवाय-०२३ मधली स्प्रिंग काढायला गेलं तर सहसा दांडीच ढिली होते, म्हणून बटणाचा उपयोग करा. एकदा दाबलं की जागा गोठली, पुन्हा दाबलं की सुटली. पण दाबताना अंगठा दांडीला थोडं ढकलतोच. त्यामुळं दाबल्या क्षणाची नव्हे, तर ५० मिलिसेकंद आधीची जागा गोठवायची. त्यासाठी शेवटची दहा मोजमापं साठवून ठेवली की झालं. सोडवताना आवाज २०० मिलिसेकंदात सरकत सरकत दांडीच्या खऱ्या जागी येऊ द्या.

चार आवाज, आणि कोपऱ्यांचा घोळ

डावीकडं खाली खर्ज, उजवीकडं खाली पेटी, डावीकडं वर तुणतुणं, उजवीकडं वर झांज. खाली भरीव आणि वर तिखट, अशी मांडणी ठेवली की हाताला नकाशा लवकर पाठ होतो. खर्जासाठी एक सप्तक खाली साइन, त्यात थोडा ट्रँगल (ही आणि पुढची पल्स, सॉटूथ ही लहरींच्या आकारांची नावं). पेटीसाठी पल्स, रुंदी २५ ते ३० टक्के, आणि लो-पास फिल्टर २ किलोहर्ट्झच्या आसपास. तुणतुण्यासाठी सॉटूथ, रेझोनन्स चढवलेला फिल्टर, ८०० हर्ट्झपासून वर. झांजेसाठी दोन साइन, दुसऱ्याची फ्रिक्वेन्सी पहिल्याच्या १.४१ पट ठेवून तिनं पहिल्याचं एफएम (म्हणजे फ्रिक्वेन्सी भराभर हलवणं) करायचं, वर चिमूटभर नॉइज. ही खऱ्या वाद्यांची नक्कल नाही, रंगांना दिलेली नावं आहेत. खरं तुणतुणं हवं असेल तर तुणतुणंच बोलवा.

चारही आवाज सतत चालू असले पाहिजेत. तुणतुण्याच्या कोपऱ्यात आधीच तुटक, विझणारा आवाज ठेवला, तर सूर धरून दांडी तिकडं नेल्यावर तिथं काहीच सापडत नाही. तो विझून गेलेला असतो. आवाज विझवायचं काम सगळ्यांत शेवटच्या व्हीसीएवर (व्होल्टेजनं पातळी कमी-जास्त करणाऱ्या मॉड्यूलवर), सगळ्यांसाठी एकत्र.

कोपऱ्यांमध्ये रंगाचा फरक ठेवा, स्वराचा नको. एका बाजूला पंचम आणि दुसऱ्या बाजूला मध्यम ठेवायचा मोह होतो, पण मध्यावर दोन्ही एकदम वाजतात आणि गायक वळून बघतो. सप्तकाचा फरक चालतो. पंचम ठेवायचाच असेल तर षड्ज-पंचम अशी जोडी ठेवा आणि तो पंचम कीबोर्डाच्या पंचमापेक्षा २ सेंट (१ सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढा करा, म्हणजे शुद्ध लागतो.

आणखी एक फसवणूक : दोन ऑसिलेटर तंतोतंत एका सुरात असतील तर मध्यावर त्यांची फेज कधी जुळते, कधी एकमेकांना खाते. एकच चाल प्रत्येक वेळी वेगळ्या आवाजात वाजते. शेजारच्या कोपऱ्यांत ५ सेंटचा फरक ठेवा. २२० हर्ट्झच्या सुरावर त्यामुळं साधारण दीड सेकंदाला एक हेलकावा येतो, पेटीच्या दोन रीड वाजल्यासारखा, आणि आवाज नाहीसा व्हायची भीती जाते. लग्नाच्या पंगतीला हा हेलकावा गोड वाटतो. ‘काळी १’ धरून गाणाऱ्याच्या मागं संथ आलापाला मात्र तो २ सेंटवर आणा.

मिश्रण

रॅकमधलं ‘फेड’ हे क्रॉसफेडर मॉड्यूल तीनदा घ्या. पहिल्याच्या इन १ ला खर्ज, इन २ ला पेटी. दुसऱ्याच्या इन १ ला तुणतुणं, इन २ ला झांज. दोघांनाही आडव्या अक्षाचा सीव्ही, म्हणजे नियंत्रणाचं व्होल्टेज. या दोघांचे आउट १ तिसऱ्या फेडच्या दोन इनमध्ये, आणि त्याला उभ्या अक्षाचा सीव्ही. तिसऱ्याचं आउट १ शेवटच्या व्हीसीएत, तिथून ऑडिओ मॉड्यूलमध्ये. प्रत्येक फेडचा मोठा नॉब मध्यावर आणि सीव्हीचा छोटा नॉब ५० टक्क्यांवर, म्हणजे −१० ते +१० व्होल्टमध्ये फेड टोकापासून टोकापर्यंत बरोबर फिरतो. छोटा नॉब १०० टक्के ठेवला तर दांडी अर्ध्या वाटेतच टोकाला जाते आणि उरलेला अर्धा प्रवास वाया.

दांडी वर ढकलली आणि आवाज खाली गेला तर घाबरू नका. बहुतेक गेमपॅडचा उभा अक्ष वर गेल्यावर उणे होतो. प्रत्येक अक्षासाठी एक ‘रीस्केल’ ठेवा आणि उभ्या अक्षाचं गेन उणे करा.

या रीस्केलचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. दांडीची हालचाल गोल असते, आपला नकाशा चौकोनी. तिरकी ४५ अंशांत पूर्ण ढकलली, तरी दोन्ही अक्ष ७१ टक्क्यांपर्यंतच पोचतात. हिशेब केला तर तिथं झांज ७३ टक्के, शेजारचे दोन्ही साडेबारा-साडेबारा आणि समोरचा २ टक्के. म्हणजे निर्भेळ झांज कधीच ऐकू येत नाही, आणि माणूस उगीच झांजेचा पॅच बदलत बसतो. गेन १४० टक्के करा (उभ्या अक्षाला उणे १४०), आणि त्याच मॉड्यूलवर कमाल +१०, किमान −१० अशी मर्यादा घाला. कोपरे हाती लागतात. काही दांड्या विजेच्या मापानं आधीच टोकाला पोचतात. त्यांना १२० टक्के पुरतात. व्होल्टेज बघायला ‘स्कोप’ मॉड्यूल जोडा आणि दांडी कडेकडेनं गोल फिरवून ठरवा.

आता आवाजाची पातळी. फेड रेखीय आहे, म्हणून मध्यावर प्रत्येक आवाज २५ टक्के. चार वेगवेगळ्या रंगांचे आवाज असतील तर मध्यावर एकूण पातळी कोपऱ्यापेक्षा ६ डेसिबलनं पडते, दोन कोपऱ्यांच्या मधोमध ३ डेसिबलनं. हेडफोनवर हे जाणवत नाही. मांडवात ढोलकी सुरू झाली की मध्यावरचा आवाज गायब. स्वतः बनवलेली दांडी असेल तर चांगला उपाय आहे : चार टक्केवाऱ्या बोर्डावरच काढा, त्यांचं वर्गमूळ घ्या आणि दोन अक्षांऐवजी चार सीसी पाठवा, उदाहरणार्थ २० ते २३. मध्यावर प्रत्येकी २५ टक्क्यांचं वर्गमूळ ५० टक्के, म्हणजे सीसी ६४, आणि पातळी सगळीकडं सारखी राहते. रॅकमध्ये मग फेडऐवजी चार चॅनेलचा ‘व्हीसीए मिक्स’. त्याचा प्रतिसाद रेखीय आहे ना, हे मेनूत तपासा. मात्र चारही ऑसिलेटर एकमेकांना सिंक केलेले, एकाच फेजमध्ये असतील तर वर्गमूळ घेऊ नका. तिथं मध्यावर उलट पातळी वाढते. गेमपॅडवाल्यांनी चारही कोपरे मीटरवर सारखे करावेत, शेवटी एक कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून पातळीतला फरक कमी करणारा) लावावा आणि पुढं चालावं.

एन्व्हलपनं प्रवास

आता मूळ मुद्दा. नेहमी सुचणारी जोडणी म्हणजे दांडीच्या व्होल्टेजमध्ये एन्व्हलपचं व्होल्टेज मिळवणं. दांडी मध्यावर असेपर्यंत ती बरी वाजते. दांडी उजव्या कडेला नेली की तिथं आधीच +१० आहे. एन्व्हलपचे आणखी ५ आले तरी फेड पुढं सरकत नाही. एन्व्हलपचा वरचा भाग कापला जातो आणि आवाज सपाट, मेलेला वाटतो. नकाशाच्या डाव्या अर्ध्यात पॅच जिवंत आणि उजव्या अर्ध्यात ठोकळा, अशी तक्रार असेल तर कारण हेच.

त्याऐवजी एन्व्हलपला एक ठरलेला कोपरा द्या आणि सुराची सुरुवात तिथून करून दांडीच्या जागेकडे आणा. यासाठी लागतो तो पुन्हा फेडच. चौथ्या फेडच्या इन १ ला आडव्या अक्षाचं व्होल्टेज, इन २ ला ठरलेल्या कोपऱ्याचं आडवं व्होल्टेज. पाचव्यात तेच उभ्या अक्षासाठी. दोघांचा मोठा नॉब पूर्ण डावीकडं, छोटा १०० टक्के, आणि सीव्हीला दुसरा एडीएसआर, म्हणजे चार मापांचा एन्व्हलप (पहिला शेवटच्या व्हीसीएला आहे). चौथ्याचं आउट १ आता पहिल्या दोन फेडच्या सीव्हीला आणि पाचव्याचं तिसऱ्याच्या सीव्हीला, थेट अक्षांच्या जागी. एन्व्हलप १० व्होल्टवर असताना आवाज कोपऱ्यात, शून्यावर आल्यावर दांडीच्या जागी. दांडी कुठंही असो, रस्ता नेहमी नकाशाच्या आतूनच जातो. काही कापलं जात नाही. कोपऱ्याची स्थिर व्होल्टेजेस ‘८ व्हर्ट’ मॉड्यूलवरून घ्या, त्याच्या इनपुटला काही जोडलेलं नसलं की नॉबच व्होल्टेज देतो. झांजेच्या कोपऱ्यासाठी दोन्ही +१०.

दुसऱ्या एडीएसआरची सुरुवातीची मापं : अटॅक (चढायचा वेळ) सर्वांत कमी, डिके (उतरायचा वेळ) ३२० मिलिसेकंद, सस्टेन (पट्टी धरून ठेवल्यावरची पातळी) ०, रिलीज (पट्टी सोडल्यावर विझायचा वेळ) डिकेइतकाच. रिलीज विसरू नका. तो शून्य असला आणि पट्टी लवकर सुटली, तर शेपटीत रंग अर्ध्यातून उडी मारतो आणि ‘टक्’ असा आवाज येतो. तो टक् म्हणजे ऑडिओ कार्डाचा दोष समजून लोक केबली बदलत बसतात. पहिला एडीएसआर, जो शेवटच्या व्हीसीएला जोडला आहे, त्याचा अटॅक ३ ते ५ मिलिसेकंद ठेवा. खर्जाच्या कोपऱ्यात त्याहून कमी अटॅकला ठोक्याबरोबर क्लिक येतो.

आता वाजवून बघा. दांडी पेटीवर : प्रत्येक सुराला झांजेचा कण लागतो आणि पेटी उरते. दांडी खर्जावर : तोच कण, पण प्रवास लांबचा, नकाशाच्या कर्णाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला, म्हणून ठोका जास्त उठून दिसतो. दांडी झांजेवरच नेली : प्रवासच नाही, सूर स्थिर. प्रवासाच्या खोलीचा (तो किती लांबचा, त्याचा) नॉब न फिरवता खोली बदलली. बेरजेच्या जोडणीत हे मिळत नाही.

गेमपॅडची दुसरी दांडी इथं कामी येते. तिचा आडवा अक्ष प्रवासाच्या खोलीला द्या : दुसऱ्या एडीएसआरचं आउटपुट एका व्हीसीएतून काढा आणि त्या व्हीसीएला हा अक्ष द्या. अक्ष −१० ते +१० आहे आणि व्हीसीए उण्याला बंद राहतो, म्हणून मध्ये रीस्केल : गेन ५० टक्के, ऑफसेट +५. दांडी सोडली की अर्धी खोली, डावीकडं काहीच नाही, उजवीकडं पूर्ण. स्प्रिंगची दांडी जिथं परत जाते ती जागा ऐकण्याजोगी असली पाहिजे, हा नियम सगळ्याच अक्षांना लावा.

उभा अक्ष डिकेच्या वेळेला. रॅकच्या एडीएसआरमध्ये वेळ गुणाकारानं वाढते : नॉब मध्यावर १०० मिलिसेकंद, पाऊण फिरवला की १ सेकंद. म्हणून सीव्हीचा नॉब फक्त १५ टक्के ठेवा. ३२० मिलिसेकंदांपासून दांडी खाली ओढली की ८०, वर ढकलली की सव्वा सेकंदाच्या थोडं वर. कानाला हे दोन्ही बाजूंना सारखंच अंतर वाटतं. सीव्ही पूर्ण उघडला तर अर्धा मिलिमीटर हलल्यावर सूर तुटक किंवा अखंड होतो आणि ताबा राहत नाही.

फिल्टरवर एन्व्हलप उलटाही चालवायचा असेल, म्हणजे दांडी उजवीकडं नेल्यावर ठोक्याला फिल्टर उघडावा आणि डावीकडं नेल्यावर मिटावा, तर साधा व्हीसीए उपयोगाचा नाही. पुन्हा एक फेड घ्या. इन १ ला एन्व्हलप ८ व्हर्टमधून −१०० टक्के करून, इन २ ला सरळ. दांडी मध्यावर असली की दोन्ही एकमेकांना खाऊन शून्य. दोन दिशांचा गुणाकार क्रॉसफेडरमधून फुकट मिळाला.

याच दुसऱ्या दांडीवर गोंधळाच्या चालींसाठी संबळाच्या जातीचा ठोकाही बसतो, वेगळ्या पॅचमध्ये. ८० हर्ट्झचा साइन, त्याच्या सुराला १.२ व्होल्टचा एन्व्हलप, डिके ६० मिलिसेकंद. ठोका १८४ हर्ट्झवर सुरू होऊन खाली घसरतो. आडवा अक्ष घसरणीची खोली, उभा अक्ष वेळ. वेळ १५० च्या पुढं नेली की तो संबळ राहत नाही, पाण्याचा थेंब होतो.

एकाहून जास्त स्वर एकदम वाजवायचे असतील, तर आधी सगळं एकस्वरी चालवून बघा आणि मगच ‘मिडी टू सीव्ही’वर स्वर वाढवा. एन्व्हलप प्रत्येक स्वराचा वेगळा होतो, पण दांडीची केबल एकाच चॅनेलची राहते आणि चौथा-पाचवा फेड तिच्याचप्रमाणे एकच चॅनेल बाहेर देऊ शकतो. रॅकमध्ये बहुस्वरी केबल जाड दिसते. जाड केबल जिथं बारीक झाली तिथं गडबड आहे. दांडीचं व्होल्टेज ‘मर्ज’ मॉड्यूलनं हवं तितक्या चॅनेलवर पसरवून मग फेडला द्या. तिथंच बहुस्वरी सॅम्पल-होल्ड (त्या क्षणाचं व्होल्टेज धरून ठेवणारं मॉड्यूल) लावून प्रत्येक स्वराच्या गेटवर, म्हणजे पट्टी दाबल्याच्या खुणेवर, जागा गोठवली, तर एका कॉर्डमधले तीन स्वर तीन रंगांचे राहतात. दांडी फिरवत एकेक पट्टी दाबत जायचं.

स्टेजवर काय बिघडतं

दांडी हळू फिरवताना फिल्टर जिन्यासारखा वाजतो. ७ बिटच्या मिडीत १० व्होल्ट १२७ पायऱ्यांत वाटले जातात, एक पायरी ७९ मिलिव्होल्टची. १ व्होल्टला १ सप्तक या हिशेबानं ती जवळपास एक अर्धस्वर भरते, आणि रेझोनन्स चढवलेला असेल तर स्पष्ट ऐकू येते. मिडी सीसी मॉड्यूलच्या मेनूत स्मूदिंग चालू करा, किंवा दांडी आणि फिल्टर यांच्या मध्ये २० मिलिसेकंदांचा स्लू (व्होल्टेजची उडी सरकती करणारं मॉड्यूल) घाला. हा स्लू एन्व्हलपच्या वाटेत येऊ देऊ नका. तो दांडीच्या बाजूलाच हवा, नाहीतर ठोका बोथट होतो. गेमपॅडच्या अक्षालाही हे लागू आहे, पायऱ्या दुप्पट असल्या तरी.

जनरेटरवरच्या कार्यक्रमात आवाजात ५० हर्ट्झची घरघर आली, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. थांबली तर चार्जर आणि मिक्सर यांच्या ग्राउंडचा प्रश्न आहे. लॅपटॉप आणि मिक्सर यांच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (विजेची थेट जोड तोडून आवाज पुढं देणारी डबी) लावा आणि त्याचा ग्राउंड लिफ्ट दाबा. अर्थिंगची पिन तोडणं हा उपाय नाही, मांडवात ओल्या जमिनीवर तर मुळीच नाही. घरघर आवाजात नसून रंग थरथरत असेल, तर दांडीच्या तारा लांब आहेत आणि त्यांनी ती घरघर पकडली आहे. तारा १५ सेंटिमीटरच्या आत ठेवा, प्रत्येक अक्षाच्या पिनपासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा. हा कपॅसिटर वरची खरखर खातो, ५० हर्ट्झ मात्र त्यातून निघून जातं. ते उरलंच तर सव्वा मिलिसेकंदाच्या अंतरानं घेतलेल्या १६ मोजमापांची सरासरी काढा. १६ मोजमापं म्हणजे २० मिलिसेकंद, ५० हर्ट्झचं एक पूर्ण आवर्तन, आणि ते सरासरीत शून्य होतं. बदल्यात दांडी १० मिलिसेकंदांनी मागं राहते. रंग बदलायला एवढा उशीर कळत नाही. म्हणूनच पिच बेंड या दांडीवर घेऊ नका, मींडेला तो कळतो.

मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२ च्या वर जातो, आणि उघड्यावरच्या कार्यक्रमात लॅपटॉप गरम होऊन स्वतःचा वेग कमी करतो. आवाज तुटायला लागतो. कार्यक्रमाआधीच बफर (लॅपटॉप एका वेळी तयार करतो तो आवाजाचा तुकडा) २५६ वरून ५१२ सॅम्पल करा. ४८ किलोहर्ट्झवर उशीर ५.३ वरून १०.७ मिलिसेकंद होतो आणि कीबोर्डवाल्याला तो सवयीनं पेलतो. न वापरलेली मॉड्यूल्स नुसती बाजूला ठेवू नका, काढून टाका, ती प्रोसेसर खातच असतात.

उन्हाळ्यात दांडीचा दुसरा शत्रू म्हणजे काळ्या मातीची बारीक धूळ. ती पोटेन्शिओमीटरच्या कार्बन पट्टीवर बसली, की मध्याजवळ आकडा अचानक ० किंवा १०२३ ला उडी मारतो, कारण मधल्या जागीच दांडी सर्वांत जास्त घासते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा, दांडी वीस-पंचवीस वेळा गोल फिरवा, पूर्ण वाळल्यावरच वीज द्या. उड्या तरीही राहिल्या तर पट्टी झिजली आहे, मॉड्यूल बदला. बदलल्यावर मध्य आणि दोन्ही टोकं पुन्हा मोजून घ्या, जुने आकडे नव्या दांडीला बसत नाहीत. चालू करताना मध्य वाचणारा प्रोग्रॅम असेल, तर वीज देताना दांडीवर अंगठा, रुमाल किंवा केबल टेकलेली नको, नाहीतर तीच जागा रात्रभर मध्य म्हणून धरली जाते.